संरक्षित क्षेत्रातील मोऱ्या व गटारे : पर्यावरणीय छाननी

अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या रस्त्याची मोरी (रस्त्याखालून पाणी जाण्याची बांधीव वाट) बदलणे, बाजूगटार खोदणे किंवा पक्के करणे, साचलेले पाणी उताराला सोडण्यासाठी चर काढणे, अशा कामांपूर्वी त्यांचा जंगलावर व ओढ्यावर काय परिणाम होईल हे जागेवर पाहून निर्णय घेण्याची रीत. काम आहे तसे चालेल, आराखडा बदलावा लागेल की सविस्तर अभ्यास हवा, एवढेच त्यात ठरवायचे असते. भारतात या नावाची स्वतंत्र प्रक्रिया नाही. वन्यजीव कायद्याखालील परवानगीच्या ओघात ती होते, किंवा होतच नाही.

न होण्याचे कारण सरळ आहे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना परिशिष्टातल्या प्रकल्पांनाच लागू होते. त्यात महामार्ग आहेत, गावरस्त्याची मोरी नाही. रस्ते-पुलांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या व्याख्येनुसार ६ मीटरपर्यंतच्या लांबीचे बांधकाम म्हणजे मोरी आणि त्यापुढे ६० मीटरपर्यंत लहान पूल. अंदाजपत्रकात मोरी एका ओळीत उरकते, आणि तिच्याकडे पाहण्याची नजरही तेवढीच राहते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मात्र कामाचा आकार विचारत नाही. त्याच्या कलम २९ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय अभयारण्यातील अधिवासाची हानी करता येत नाही, तसेच अभयारण्यात येणारा किंवा बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवता, अडवता अथवा वाढवताही येत नाही. हा परवाना देण्याआधी तो बदल वन्यजीवांच्या भल्यासाठी व चांगल्या व्यवस्थापनासाठी आवश्यक असल्याची राज्य शासनाची, राज्य वन्यजीव मंडळाशी विचारविनिमय करून, खात्री व्हावी लागते. राष्ट्रीय उद्यानांसाठी अशीच तरतूद कलम ३५ (६) मध्ये आहे. शब्दशः वाचल्यास ‘वाहनांची सोय’ हे कारण येथे पुरेसे नाही. २०२२ च्या दुरुस्तीने स्थानिकांच्या पिण्याच्या व घरगुती वापराच्या पाण्याला या मनाईतून वगळले. रस्त्याच्या गटाराला अशी सूट नाही.

कायद्याचा रोख पाण्यावर आहे, आणि तो योग्यच म्हणावा लागेल. कोल्हापूरहून दाजीपूरमार्गे फोंडाघाटाकडे उतरणारा रस्ता घ्या. १९५८ सालापासून संरक्षित असलेल्या राधानगरी परिसरातला हा भाग, पावसाचे माप हजारो मिलिमीटरांत. येथे पाणी उतारावरून पातळ पसरत खाली येते. बाजूगटार ते गोळा करते आणि दीडदोनशे मीटरवरच्या मोरीच्या एका नळीच्या तोंडाशी सगळे एकदम सोडते. मोरीच्या वरच्या अंगाची ओलसर जागा सुकते, खालच्या अंगाला घळ पडते, आणि ती घळ दर पावसाळ्यात मागे मागे रस्त्याकडे सरकते. मग दरड, मग संरक्षक भिंत, मग नवे अंदाजपत्रक.

नळीचे तोंड ओढ्याच्या तळापेक्षा वीतभर जरी वर राहिले तरी लहान मासे पावसाळ्यात वरच्या अंगाला चढू शकत नाहीत. नळीचा तळ ओढ्याच्या तळाखाली थोडा गाडला, तर वाळू-गोटे आत बसतात आणि मोरी ओढ्यासारखीच राहते. काँक्रीटच्या उभ्या भिंतींचे गटार त्याहून वाईट. बेडकाला, कासवाला किंवा साळिंदराच्या पिल्लाला ते ओलांडता येत नाही. आत पडले तर बाहेर येणेही अवघड. एक बाजू तिरकी ठेवणे किंवा ठरावीक अंतरावर खडबडीत दगडी उतार करणे हा उपाय स्वस्त आहे, पण तो आराखड्यातच आला पाहिजे. गवंडी जागेवर येऊन तो सुचवणार नाही.

साफसफाईलाही कायद्याचा पदर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून वाळलेली, रोगट व वाऱ्याने पडलेली झाडे, वाहून आलेली लाकडे आणि गवत हलवण्यास मनाई केली. त्यामुळे मोरीत अडकलेला ओंडका काढला तरी तो ट्रॅक्टरमध्ये टाकून गावाकडे नेण्याची वस्तू राहत नाही. जेसीबीने काढलेला गाळ व डबर दरीच्या बाजूला लोटून देणे ही नेहमीची सवय. तपासणीत याच गोष्टीकडे सर्वांत आधी पाहायला हवे.

मोरीचा उपयोग उलट बाजूनेही होतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील भागातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी ५० ते ७५० मीटर लांबीचे ९ भुयारी मार्ग व लहान पूल बांधले गेले, आणि त्यांखालून वाघांसह अनेक प्राणी जाताना कॅमेऱ्यांत टिपले गेले. ते मोठ्या पैशाचे काम. साध्या मोरीच्या आत पाण्याच्या बाजूने हातभर रुंद कोरडा कट्टा ठेवला तरी उदमांजर-मुंगसाची सोय होते.

युरोपीय संघात अशा कामांनाही १९९२ च्या अधिवास निर्देशाचे (नैसर्गिक अधिवास व वन्यजीव जपण्याच्या संघाच्या कायद्याचे) कलम ६ (३) लागू होऊ शकते : आधी छाननी, लक्षणीय परिणामाची शक्यता नाकारता न आल्यास पूर्ण मूल्यांकन. १२ एप्रिल २०१८ रोजी तेथील न्यायालयाने आयर्लंडच्या एका प्रकरणात सांगितले, की हानी कमी करणारे उपाय छाननीच्या टप्प्यावर हिशेबात धरायचे नाहीत. ‘गाळ अडवायला जाळी लावू, म्हणून परिणाम शून्य’ हा युक्तिवाद तेथे पहिल्या पायरीवर चालत नाही. आपल्याकडे तो सर्रास चालतो.

महाराष्ट्रात एक फट आणखी आहे. २०२० साली घोषित झालेल्या तिलारीसारख्या संवर्धन राखीव क्षेत्रांना (ही अभयारण्ये नव्हेत, वेगळा संरक्षित प्रकार) याच वन्यजीव कायद्याचे कलम ३६-अ लागू आहे. त्यात कलम १८, २७, ३०, ३२ व ३३ मधील काही तरतुदी लागू केल्या आहेत. पाण्याचा प्रवाह बदलण्यास मनाई करणारे कलम २९ त्या यादीत नाही.