नदीकाठी तंबू कुठे लावायचा? नियमांमागची पार्श्वभूमी

डोंगरी नदीकाठच्या मुक्कामाची आखणी करताना बहुतेक जण आधी तारखा बघतात, मग तंबू आणि सामान. जागेचा विचार शेवटी होतो, आणि तोही पाणी किती जवळ आहे एवढ्यापुरताच. सर्वांना माहीत असलेला नियम म्हणजे ‘पाण्यापासून ६०-७० मीटर लांब राहा’. तो पाळला की आपण पुरापासून सुरक्षित, असा समज सर्रास दिसतो. हा समज धोक्याचा आहे. तो नियम माणसांसाठी नव्हे, नदीसाठी केलेला आहे. माणसांसाठीचे नियम वेगळे आहेत, त्यांचा इतिहासही वेगळा आहे, आणि तो फार वेदनादायक आहे.

हौसेखातर तंबूत राहण्याची पद्धत रुळली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. इंग्लंडमध्ये १९०१ साली सायकलवरून भटकणाऱ्या तंबूवाल्यांची संघटना उभी राहिली. तिचे संस्थापक थॉमस हायरम होल्डिंग यांनी १९०८ मध्ये या विषयावर सविस्तर हस्तपुस्तिका लिहिली. मोटारी आल्या तशी गर्दी वाढली आणि तिचा पहिला फटका झाडांना बसला. अमेरिकेत ई. पी. माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी दाखवून दिलं की पायांनी आणि चाकांनी माती दबली की मुळांपर्यंत हवा-पाणी पोचत नाही आणि मोठमोठी झाडं हळूहळू मरतात. १९३० च्या दशकात त्यांच्या सूचनांवरून तंबूंच्या तळांची रचनाच बदलली: एकेरी रस्ता, प्रत्येक मुक्कामाला ठरलेली गाडीची जागा, जागेवरच पक्कं केलेलं टेबल आणि चूल. आजही आखीव तळ साधारण याच धर्तीचे असतात.

पुढे पाठपिशव्या घेऊन रानात शिरणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा तोच विचार नदीकाठांना लागू झाला. साबणाचं पाणी, खरकटं आणि विष्ठा प्रवाहात जाऊ नये, काठावरचं गवत तुडवलं जाऊ नये, पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची वाट अडू नये, म्हणून २०० फुटांचं, म्हणजे सुमारे ६० मीटरचं अंतर ठरलं. शौचासाठीचा खड्डाही तेवढाच लांब आणि १५ ते २० सेंटिमीटर खोल घ्यायचा, कारण विष्ठा कुजवणारे जिवाणू मातीच्या वरच्या थरातच भरपूर असतात. त्याहून खोल पुरलं तर ते लवकर कुजत नाही. नियम उत्तम आहे. पण दरी सपाट आणि रुंद असेल, तर ६० मीटरवरची जागा पाण्याच्या पातळीपेक्षा जेमतेम मीटरभर उंच असू शकते. पुरात ती जागा नदीचाच भाग होते.

सुरक्षेचे नियम पुरांनी शिकवले. ३१ जुलै १९७६ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बिग थॉम्पसन नदीच्या अरुंद दरीवर काही तासांत सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस कोसळला. सुट्टीचा शनिवार होता, दरी पर्यटकांनी भरलेली होती. १४४ माणसं गेली. अनेकांनी गाडीत बसून रस्त्याने निसटायचा प्रयत्न केला, पण रस्ता नदीलगतच होता आणि तोच वाहून गेला. जे गाड्या सोडून डोंगराच्या उतारावर चढले, ते वाचले. त्यानंतर तिथल्या दऱ्यांमध्ये ‘पूर आल्यास वर चढा’ अशा पाट्या लागल्या. म्हणूनच पळायची वाट पायी चढून जाण्याची हवी. तिच्यात पूल नको, ओढा ओलांडणं नको, आणि ती उजेडात एकदा चढून बघितलेली हवी.

१४ जुलै १९८७ रोजी फ्रान्समधल्या ल ग्रां-बोर्नां इथे बोर्न नदीच्या काठावरचा तळ बुडाला आणि २३ जण मरण पावले. जुलै १९९४ मध्ये फ्रान्सने धोक्याच्या क्षेत्रातल्या तळांवर लोकांना माहिती देणं, इशारा देणं आणि बाहेर काढण्याची व्यवस्था ठेवणं बंधनकारक केलं.

सगळ्यांत बारकाईने समजून घ्यावी अशी दुर्घटना स्पेनमधल्या बिएस्कासची. ७ ऑगस्ट १९९६ ला तिथे ८७ माणसं गेली. तो तळ मोठ्या नदीच्या पात्रात नव्हता, अरास नावाच्या ओढ्याच्या तोंडाशी होता. डोंगरातून उतरणारा ओढा दरीत आला की त्याचा वेग मोडतो आणि बरोबर आणलेले दगडगोटे, गाळ तो तिथेच टाकतो. त्यातून हातपंख्यासारखी पसरलेली, मंद उताराची जमीन तयार होते. भूगोलात तिला पंखाकृती मैदान म्हणतात. पाण्याचा निचरा चांगला, उतार सोयीचा, वर हिरवळ: तंबूसाठी याहून छान जागा दिसत नाही. पण ती जमीन ओढ्यानेच एकामागून एक पुरांत रचलेली असते आणि तो तिच्यावरून कुठूनही नवी वाट काढू शकतो. अरासवर वरच्या अंगाला गाळ अडवणारे बंधारे होते. त्या संध्याकाळी त्यांतले बहुतेक फुटले आणि साठलेला गाळही पाण्याबरोबर खाली आला.

अशी जागा ओळखायला उपकरण लागत नाही. ओढ्याच्या मुखापासून जमीन तिन्ही बाजूंना उतरत गेलेली असते. गवताखाली हात घातला की मातीऐवजी लहानमोठे दगड एकत्र कालवलेले लागतात. आसपास मोठे धोंडे सुटे पडलेले असतात, आणि जुन्या झाडांची खोडं दगडगाळात रुतलेली दिसतात. मुख्य नदीच्या काठी फांद्यांना अडकलेलं गवत, काटक्या आणि प्लॅस्टिक बघावं. अलीकडच्या पुराचं पाणी निदान तिथवर चढलं होतं. तंबू त्या खुणेच्या बराच वर हवा.

११ जून २०१० ला अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात पहाटेच्या अंधारात लिटल मिसूरी नदी एका मीटरच्या आसपासवरून सात मीटरवर गेली. आल्बर्ट पाइकच्या तळावर झोपलेल्यांपैकी २० जण मरण पावले. दरीत मोबाइलला धड रेंज नव्हती. दऱ्यांत रेंज नसणार हे धरून, घरून निघण्याआधीच हवामानाचा अंदाज बघायचा, आणि तोही मुक्कामाच्या गावाचा नव्हे, वरच्या पाणलोटाचा. पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काटक्या वाहू लागल्या, तळाचे दगड गडगडू लागले की सामान आवरत बसू नये. पाणी एकाएकी कमी झालं तर जास्त सावध व्हावं: वर दरड कोसळून प्रवाह अडलेला असू शकतो. हिमनदीतून येणाऱ्या नद्या पावसाविनाही रोज दुपारनंतर चढतात, म्हणून सकाळच्या पातळीवर जागा ठरवू नये.

हिमाचल प्रदेशात थलौटला ८ जून २०१४ रोजी बियास नदीत हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. तो लोंढा पावसाचा नव्हता, लारजी जलविद्युत प्रकल्पाच्या धरणाचे दरवाजे उघडल्याचा होता. वर धरण असेल तर कोरडं पात्र, वाळूचा दांडा किंवा बेट मुक्कामाला वर्ज्यच.

आलिशान तंबूंमुळे या प्रश्नाला नवं वळण मिळालं आहे. साधा तंबू पाच मिनिटांत उचलून वर नेता येतो. जाड कापडाचा, लाकडी चौथऱ्यावर पलंग आणि शेगडीसह उभारलेला तंबू हलत नाही, आणि आत झोपलेल्या पाहुण्याला जागा निवडण्याची संधीच मिळत नाही. ४ जुलै २०२५ ला टेक्सासच्या टेकड्यांत ग्वादालुपे नदी ४५ मिनिटांत सुमारे आठ मीटर चढली. काठावरच्या कॅम्प मिस्टिक या मुलींच्या शिबिरात त्या पक्क्या खोल्यांत झोपलेल्या होत्या. मुली आणि त्यांची काळजी घेणाऱ्या तरुणी मिळून २७ जणी गेल्या. त्यानंतर त्या राज्याने मुलांच्या शिबिरांना पूरक्षेत्रात झोपण्याच्या खोल्या ठेवायला मनाई केली.

म्हणून अशा ठिकाणी आरक्षण करण्याआधी मालकाला थेट विचारावं: चौथरा आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराच्या रेषेपेक्षा किती उंच आहे, मागून ओढा उतरतो का, रात्री जागं कोण असतं, वर जायची वाट कुठून आहे. उत्तर ‘इथे कधी पाणी आलेलं नाही’ एवढंच मिळालं तर दुसरी जागा बघावी. आणि वर धरण असेल तर भोंगा पाणी सोडण्याच्या किती वेळ आधी वाजतो, नदीच्या आवाजात तो तंबूच्या आत ऐकू येतो का, हेही विचारून घ्यावं.