शब्दजाती, इंग्रजीतील

वाक्यातील कार्य, रूप व स्थान यांवरून इंग्रजी शब्दांचे पाडलेले वर्ग. शालेय व्याकरणात ते आठ धरतात. नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंतची नावे मराठी वाचकाच्या परिचयाची असल्याने व्याख्या येथे दिलेल्या नाहीत.

आठ या संख्येचे मूळ ग्रीक परंपरेत आहे. डायोनिसियस थ्रॅक्स (इ. स. पू. सु. 100) याच्या नावावरील व्याकरणात आठ जाती आहेत, पण विशेषण तेथे नामातच मोडते, तर धातुसाधित व उपपद (आर्टिकल) स्वतंत्र आहेत. या ग्रंथाचे कर्तृत्व वादग्रस्त आहे. शब्दजातींचे विवेचन असलेला भाग कित्येक शतकांनंतरचा आहे, असे इटालियन अभ्यासक दि बेनेदेत्तो यांनी 1958-59 मध्ये प्रतिपादले. हे मत ग्राह्य धरले, तरी आठांची मांडणी उत्तरकालीन ठरत नाही, कारण रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन (इ. स. पहिले शतक) तिचा संबंध थ्रॅक्सचा गुरू ॲरिस्टार्कस याच्याशी जोडतो. लॅटिनमध्ये उपपद नसल्याने ते गळाले व केवलप्रयोगी अव्यय आले. आजची आठांची यादी इंग्रजी व्याकरणकार प्रीस्टली (1761) याच्याकडे आढळते. त्याच्यानंतरचा इंग्रजी व्याकरणकार मरी (1795) उपपद वेगळे मोजून नऊ जाती मानतो. दादोबा पांडुरंग यांच्या मराठी व्याकरणावर (1836) मरीची छाया आहे, असे सामान्यतः मानतात.

त्यामुळे साताऱ्या-सांगलीच्या मराठी शाळेतील मुलाला इंग्रजीच्या तासाला हा साचा नवा वाटत नाही. अडते ते दोन ठिकाणी. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांना मराठीत जोड नाही. शिवाय ‘टेबलावर’ मधला ‘वर’ नामाला मागून चिकटतो, तर ‘ऑन द टेबल’ मध्ये ‘ऑन’ आधी व सुटा येतो. दोहोंना शब्दयोगी अव्यय म्हटल्याने हा फरक झाकला जातो. तो फळ्यावर शेजारी शेजारी मांडून दाखवणेच योग्य.

शब्दाची जात कोशावरून नव्हे, वाक्यावरून ठरते. ‘द सांगली मार्केट सेल्स टर्मरिक’ यात ‘मार्केट’ नाम आहे. ‘फार्मर्स मार्केट टर्मरिक’ यात तेच क्रियापद आहे. मराठीत ‘बाजार’ला प्रत्यय लावून असे क्रियापद होत नाही, म्हणून मुले दुसऱ्या वाक्यात क्रियापद शोधत राहतात. जातींच्या व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा अशा जोडवाक्यांचा सराव अधिक उपयोगी पडतो.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ फ्रीझ (1952) याने अर्थावर बेतलेल्या व्याख्या नाकारून चार मुख्य वर्ग व कार्यशब्दांचे (वाक्यरचनेतील संबंध दाखवणाऱ्या शब्दांचे) पंधरा गट सुचवले. नंतरच्या व्याकरणांत उपपदे व ‘धिस’, ‘माय’ यांसारखे शब्द निर्धारक (डिटर्मिनर) या वर्गात घालतात. शालेय पुस्तकांत मात्र आठांचीच यादी रूढ आहे.