हायडांचा काळा दगड आणि खलाशांचा बाजार

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या हायडा ग्वाय बेटांवर जाणारे बरेच प्रवासी प्रिन्स रूपर्टहून फेरीबोट धरतात. हेकटी सामुद्रधुनी ओलांडायला सात-आठ तास लागतात. तिथल्या स्किडगेट गावाच्या संग्रहालयातलं, हायडा या मूळ रहिवाशांचं काळ्या दगडातलं कोरीवकाम पाहून सहज वाटतं, ही कला हजारो वर्षांची असणार. डोमकावळा, गरुड, अस्वल या आकृत्या जुन्याच आहेत. पण दगडातला हा व्यवसाय उभा राहिला तो जहाजांमुळे.

1774 मध्ये हुआन पेरेसचं स्पॅनिश जहाज इथे आलं, तेव्हा हायडा आपल्या होड्या घेऊन त्याच्याभोवती जमले आणि देवघेव झाली. 1787 मध्ये जॉर्ज डिक्सन या ब्रिटिश कप्तानाने समुद्री ऑटरची (पाणमांजराची) कातडी भरभरून नेली, वर बेटांना आपल्या जहाजाचं नाव देऊन टाकलं: क्वीन शार्लट. ते अधिकृतपणे पुसलं गेलं 2010 मध्ये!

कातड्यांच्या हव्यासापायी ऑटर संपत आले. मग 1820 च्या सुमारास हायडा कारागीर स्लेटचक डोंगरातला आर्जिलाइट, म्हणजे तो काळा दगड, कोरून खलाशांना विकू लागले. लाकूडकामाच्या हत्यारांनी कोरता येईल इतका हा दगड मऊ, आणि घासला की चकचकीत होणारा. सुरुवातीला चिलमी निघाल्या, त्यातल्या बऱ्याच ओढायच्या कामाच्या नव्हत्याच. पुढे त्यांवर चक्क गोऱ्यांची जहाजं आली: डोलकाठ्या, दोरखंड, कोट घातलेले खलाशी. गिऱ्हाइकालाच कोरून त्यालाच विकायचं, यात मला थोडी थट्टाही दिसते. म्हणून या वस्तूंना ‘प्रवाशांसाठीचा माल’ म्हणून नाक मुरडणं पटत नाही.

जहाजाने दुसरंही काही आणलं. 1862 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून कॅनडातल्या व्हिक्टोरिया बंदराला देवीची साथ पोचली आणि तिथून किनाराभर पसरली. हायडांची गावंच्या गावं ओस पडली. 1885 पासून पॉटलॅच या भेटवस्तू वाटण्याच्या समारंभावर कायद्याने बंदी आली, ती 1951 पर्यंत टिकली. याच पडत्या काळात चार्ल्स एडनशॉ हे हायडा कारागीर आर्जिलाइट आणि चांदीत काम करत होते. पत्नी इझाबेला स्प्रूस झाडाच्या मुळ्यांच्या टोप्या विणत आणि ते त्या रंगवत. टोपीच्या माथ्यावरची चार टोकांची चांदणी ही त्यांची खूण. त्याच सुमारास अलास्काकडे जाणाऱ्या आगबोटींतून हौशी प्रवासी येऊ लागले होते. टोटेम खांब, म्हणजे हायडांचे उंच कोरीव लाकडी खांब, मात्र संग्रहालयांनी उचलून नेले.

1969 मध्ये हायडा कलाकार रॉबर्ट डेव्हिडसन यांनी बेटांवरच्या मॅसेट गावात नवा टोटेम खांब उभारला, तिथला जवळपास नव्वद वर्षांतला पहिलाच. 1985 मध्ये लायल बेटावर जंगलतोडीविरुद्ध हायडांनी रस्ता अडवला. त्यातूनच ग्वाय हानास हे राखीव क्षेत्र आलं. तिथल्या जुन्या गावांत आता हायडा ‘वॉचमन’ (रखवालदार) राहतात आणि एका वेळी बाराच जणांना किनाऱ्यावर येऊ देतात.

स्लेटचकचा दगड काढायचा हक्क फक्त हायडांचा आहे. दुकानांत मात्र काळ्या राळेच्या साच्यातल्या नकलाही मिळतात, तेव्हा घेण्याआधी कारागिराचं नाव विचारावं.