माळी आणि लँडस्केप ठेकेदार: बाग-कुंपणाचं कोणतं काम कोणाकडे द्यावं

बंगल्याचं बांधकाम आणि रंगकाम उरकलं की बाग आणि कुंपण उरतं. जवळच्या नर्सरीत चौकशी केली की एखादा नंबर मिळतो, आणि तो माणूस "लॉन, झाडं, ड्रिप, तारेचं कंपाउंड, सगळं करून देतो" असं सांगतो. कुणी त्याला माळी म्हणतं, कुणी गार्डनवाला, आणि त्याच्या कार्डावर लँडस्केपिंग असं छापलेलं असतं. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो, कारण कामं दोन आहेत आणि माणूस एकच समोर उभा आहे.

माळी लावलेल्या झाडांची निगा राखतो. पाणी, खुरपणी, छाटणी, खत, फवारणी, लॉनची कापणी ही त्याची कामं. ती संपत नाहीत, म्हणून त्यांचा हिशोब महिन्यावर किंवा आठवड्याच्या खेपांवर होतो. लँडस्केप ठेकेदार जागा तयार करून देतो. उतार, निचरा, भराव, माती, जमिनीखालचे पाइप, पायवाट, कुंपण आणि शेवटी लागवड हे त्याचं काम. ते एकदाच होतं आणि फुटांत, ब्रासमध्ये, नगांत मोजलं जातं. ज्या कामाला पुढे कधी हात लावायचा तर खोदावं लागेल, ते ठेकेदाराचं, अशी विभागणी धरली तर सहसा चूक होत नाही. बियाणं, रोपं, कुंड्या, गुलाबाची छाटणी यात चांगला माळी ठेकेदारापेक्षा जास्त जाणतो आणि तिथे त्याचंच ऐकावं.

माळ्याकडे जमिनीचं काम दिलं की काय होतं, ते लॉनवर सगळ्यात लवकर दिसतं. बांधकामानंतर प्लॉटवर वरचे सहा-आठ इंच डबर, सिमेंटचे खडे आणि मुरूमच असतो. माळी त्यावर दोन-तीन इंच लाल माती पसरून हिरवळीचे तुकडे अंथरतो. पहिले दोन महिने ते छान दिसतात, कारण तुकड्यांबरोबर आलेल्या मातीवर गवत जगतं. मग मुळं खाली जायला बघतात आणि डबराला टेकतात. उन्हाळ्यात जागोजागी पिवळे चट्टे पडतात, माळी युरिया टाकतो, पाणी वाढवतो, आणि कुठे जळकं तर कुठे चिखल अशी स्थिती होते.

नीट करायचं तर डबर काढून बाहेर न्यावं, घरापासून बाहेरच्या बाजूला १०० फुटांना किमान १ फूट उतार काढावा आणि मग लॉनखाली ६ ते ९ इंच चांगली माती भरावी. हिशोब स्वतः करून ठेवा: १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. १००० चौरस फूट लॉनला ९ इंच म्हणजे पाऊण फूट माती लागते, म्हणजे ७५० घनफूट, साडेसात ब्रास. भुसभुशीत माती पाण्याने बसते, त्यामुळे थोडी जास्तच मागवावी लागते. कोटेशनमध्ये "लॉनसह माती" एवढंच लिहिलेलं असेल तर किती ब्रास, हे विचारा. दोन ब्रास सांगणारा आणि आठ ब्रास सांगणारा यांच्या भावांची तुलनाच होऊ शकत नाही.

मातीबरोबर येणारं संकट म्हणजे लव्हाळा हे तण. त्याच्या गाठी मातीत राहतात, वरून उपटलं तर पात तुटते आणि गाठ पुन्हा फुटते. एकदा लॉनमध्ये शिरला की माळ्याची निम्मी मजुरी त्याच्यावरच जाते. म्हणून माती पसरून झाल्यावर लगेच हिरवळ अंथरू देऊ नका. दोन-तीन आठवडे नुसतं पाणी मारा, जे उगवेल ते गाठीसकट काढा, मग लॉन लावा. ठेकेदाराला ही वाट पाहणं नको असतं, कारण त्याची माणसं दुसऱ्या साइटवर जायची असतात. तेव्हा हे आधीच ठरवून लिहून घ्या. शेणखताचंही असंच. पूर्ण कुजलेलं, वास न येणारं, हातात भुगा होणारं खतच उतरवून घ्या. कच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी येतं.

कुंपणाकडे जास्त लक्ष द्यायला हवं, कारण पैसे तिथे जास्त जातात आणि चूक दोन पावसाळ्यांनी कळते. हे काम माळ्याचं नाहीच. लँडस्केप ठेकेदारही बऱ्याचदा ते पुढे फॅब्रिकेटरला, म्हणजे लोखंडी काम करणाऱ्याला देतो. त्यात गैर काही नाही, पण पोल वाकला तर जबाबदार कोण, हे तुमच्या कागदावर हवं.

पोलचा पहिला खड्डा पडण्याआधी हद्द पक्की करा. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, जमिनीचा आकार नसतो. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, लगतच्या खातेदारांसमोर हद्दीच्या खुणा रोवून घ्या आणि मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दीचा नकाशा, हातात ठेवा. ठेकेदाराला खुणा दाखवायच्या त्या याच. "शेजारच्या बांधाला धरून घेतो" या बोलीवर तार ओढली की भाऊबंदकीचे वाद सुरू होतात आणि पोल उपटायचा खर्च ठेकेदार देत नाही.

मग लांबी. कुंपणाचा खर्च क्षेत्रावर नसतो, घेरावर असतो. १० गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. प्लॉट चौरस असेल तर घेर साधारण ४१७ फूट येतो. तेवढंच क्षेत्र ५० फूट रुंद लांबट पट्टीत असेल तर घेर ५३६ फुटांच्या आसपास जातो. म्हणून "गुंठ्याला इतके" असा भाव कुंपणासाठी घेऊ नये. फाटकाची रुंदी घेरातून वजा झाली का, तेही पाहावं.

भाव तीन प्रकारे सांगतात: रनिंग फुटावर, जाळीच्या चौरस फुटावर किंवा लोखंडाच्या किलोवर. रनिंग फुटाचा भाव ऐकायला सोपा, पण त्यात जाळीची उंची, तारेचं गेज (जाडीचा आकडा), पोलमधलं अंतर आणि खड्ड्याची खोली हे सगळं दडलेलं असतं. चेनलिंक, म्हणजे तारा एकमेकींत गुंफून चौकटी केलेल्या जाळीत गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. १० गेजची तार ३.२५ मिलिमीटर, १२ गेजची २.६४, १४ गेजची जेमतेम २.०३. १० गेजमध्ये १२ गेजपेक्षा जवळपास दीडपट लोखंड असतं, त्यामुळे दोघांनी "पाच फूट चेनलिंक" म्हणून दिलेल्या भावांत मोठा फरक पडतो तो इथे. साइटवर बंडल आलं की व्हर्नियरने (जाडी मोजायच्या पट्टीने) तार मोजा आणि चौकटीचं माप २ इंच आहे का बघा. जाळी जास्त ताणून पसरली की चौकटी लांबट होतात आणि कमी जाळीत जास्त फूट निघतात. हिरव्या प्लास्टिकच्या आवरणाची जाळी घेत असाल तर गेज आतल्या तारेचं विचारा, काही जण आवरणासकट जाडी सांगतात. जस्ताच्या थराचं नाव "हेवी कोटिंग" एवढ्यावर सोडू नका, बिलावर चेनलिंकसाठी आयएस २७२१ आणि काटेरी तारेसाठी आयएस २७८ या मानकांचा उल्लेख मागा. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत हलक्या जस्ताची तार फार लवकर तांबेरते.

पोलसाठी ४० × ४० × ५ मिलिमीटरचा अँगल मीटरला ३ किलो भरतो, ५० × ५० × ६ चा साडेचार किलो. पाच फूट जाळीला ७ फूट अँगल घ्यावा. ८ फुटांच्या अंतराने वरच्या चौरस प्लॉटला साधारण ५२ पोल लागतील. खड्डा १ × १ × २ फुटांचा धरला तर एकाला २ घनफूट, सगळे मिळून १ ब्रासपेक्षा थोडं जास्त काँक्रीट, सिमेंट, वाळू आणि खडी १:२:४ प्रमाणात. कोपऱ्याच्या पोलला दोन्ही बाजूंनी तिरपे टेकू हवेतच, कारण तारेचा सगळा ताण तिथे येतो. टेकूशिवाय कोपरा आत झुकतो आणि मग मधली जाळी पोटासारखी लोंबते. वर, मध्ये आणि खाली अशा तीन ताणाच्या तारा हव्यात. नुसती जाळी पोलला बांधली तर वासरू टेकलं तरी ती बसते.

खड्ड्याजवळ जरा उभे राहा. मजूर पहारीने खणतात तेव्हा खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता होतो, कारण तसं खणणं सोपं जातं. काळ्या मातीत हाच खड्डा सगळ्यात वाईट. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि शंकूसारखा काँक्रीटचा गोळा दर वर्षी थोडा थोडा वर ढकलला जातो. तळ तोंडापेक्षा रुंद ठेवायला सांगा, आणि मुरूम लागेपर्यंत जा. मुरूम खोल असेल तर निदान अडीच-तीन फूट, आणि अँगलही तेवढा लांब घ्या. अँगलच्या खालच्या टोकाला आडवा तुकडा वेल्ड केलेला असावा, म्हणजे पोल काँक्रीटमध्ये फिरत नाही. काँक्रीट ओतल्यानंतर आठवडाभर पाणी मारायचं आणि त्याआधी जाळी ताणायची नाही. घाई इथेच होते, कारण खड्डे आणि जाळी एकाच फेरीत उरकली की ठेकेदाराची एक खेप वाचते.

प्लॉटमध्ये भराव टाकून जागा उंच करणार असाल तर माती थेट जाळीला टेकू देऊ नका. खाली ९ इंच जाडीची छोटी भिंत घ्या, कोकणात असाल तर चिऱ्याचा गडगा. त्यात पाणी जायला भोकं ठेवा. मातीत पुरलेली जाळी आधी तिथेच कुजते.

आता झाडं. इथे माळी आणि ठेकेदार दोघांचा अधिकार एकमेकांत मिसळतो. खड्डा, निचरा आणि माती ठेकेदाराची, झाडाची निवड दोघांनी मिळून. काळ्या चिकट मातीत किंवा जांभ्यात खणलेल्या खड्ड्यात हलकी माती भरली की तो पाण्याची टाकी होतो. लावण्याआधी खड्डा पाण्याने भरून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर निचऱ्याची वाट काढल्याशिवाय झाड लावू नका. पुणे परिसरात उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांतून आणि आंध्रातल्या कडियमहूनही मोठी झाडं येतात. चिकट मातीचा गोळा घेऊन आलेलं झाड तसंच लावलं तर तो गोळा सुकून विटेसारखा होतो आणि मुळं बाहेरच पडत नाहीत. गोळा कडेने हलकेच मोकळा करावा, पिशवी पूर्ण काढावी, गुंडाळलेली मुळं सोडवावीत. कोटेशनमध्ये नुसती "उंची ६ फूट" लिहून चालत नाही, सावलीत ओढून वाढवलेलं काडीसारखं झाडही ६ फूट भरतं. पिशवीचं माप आणि खोडाचा घेर लिहून घ्या. कुंपणालगत वड, पिंपळ, उंबर नकोत. हिरवं कुंपण हवं असेल तर कडू मेंदी, कुंती किंवा डुरांटा फूटभर अंतरावर दोन ओळींत आडव्यातिडव्या लावा. जनावरांचा त्रास असेल तर करवंद.

जुनं झाड काढायचं झाल्यास शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. "आम्ही रात्रीत काढून देतो" म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

ठेकेदाराच्या कामाचा क्रम असा हवा: उतार आणि निचरा, कुंपण (ट्रॅक्टर येण्याजोगी एक बाजू मोकळी ठेवून), पायवाटेखालून ३ इंची रिकामे पाइप, पायवाट, माती, ड्रिपची लाइन, झाडं, झुडपं, आणि सगळ्यात शेवटी लॉन. ते रिकामे पाइप स्वस्त असतात आणि हमखास विसरले जातात. मग एक वायर टाकायला फरशी फोडावी लागते. काळ्या मातीत खोदाई दिवाळीनंतर ओल असताना बरी होते, मे महिन्यात पहार उडते आणि जूनमध्ये ट्रॅक्टर रुततो. झाडं मात्र पहिल्या चांगल्या पावसानंतरच लावावीत.

पैसे टप्प्याने द्या: साहित्य उतरल्यावर, कुंपण झाल्यावर, लागवड झाल्यावर. साधारण दहावा हिस्सा पहिला पावसाळा पार पडेपर्यंत हातात ठेवा. लागवडीनंतरचे तीन महिने ठेकेदारानेच पाणी-देखभाल बघायची आणि या काळातली मर बदलून द्यायची, असं कागदावर घ्या. अट अशी नसेल तर वाद ठरलेला आहे. झाड वाळलं की ठेकेदार म्हणतो माळ्याने पाणी दिलं नाही, आणि माळी म्हणतो रोपच खराब होतं. पाणी आणि वीज कोणाची, डबर कोण उचलणार, हेही त्याच कागदात.

माळी तीन महिने संपायच्या आधी, निदान शेवटच्या पंधरवड्यात कामावर घ्या. ठेकेदाराच्या माणसाकडून त्याला ड्रिपचे व्हॉल्व्ह, फिल्टर धुण्याची पद्धत आणि प्रत्येक लाइन किती वेळ चालवायची ते समजून घेऊ द्या. पाइप बुजवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, भिंतीपासूनचं अंतर टेप धरून फोटोत दिसेल असं. ते फोटो माळ्यालाही पाठवा, म्हणजे नवी कुदळ मारताना मेन लाइन कुठे आहे हे त्याला कळेल.