सोळाव्या प्रकरणात निवेदक बदलतो

मुलांच्या कादंबरीत एकाच घटनेला अनेक निवेदक असणं आता सवयीचं झालं आहे. ‘वंडर’मध्ये (२०१२) नायक ऑगी, त्याची बहीण, तिचा मित्र, वर्गातली मुलं असे सहा जण पाळीपाळीने बोलतात. ही वाट बरीच जुनी. मोठ्यांसाठी विल्की कॉलिन्सने ‘मूनस्टोन’ (१८६८) साक्षीदारांच्या कैफियती एकापुढे एक ठेवूनच रचली होती. मुलांच्या साहित्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं उदाहरण मात्र रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’चं, म्हणजे चाच्यांच्या खजिन्याच्या शोधाच्या गोष्टीचं.

१८८१ मध्ये स्कॉटलंडमधल्या ब्रेमार इथे, सावत्र मुलाच्या करमणुकीतून निघालेल्या बेटाच्या नकाशावरून स्टीव्हन्सनने ही गोष्ट लिहायला घेतली. रोज एक प्रकरण, अशी पंधरा झाली आणि सोळाव्याच्या सुरुवातीलाच लेखणी अडली, असं त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. तोवर ‘यंग फोक्स’ साप्ताहिकात ती छापायचं ठरलेलं होतं. उरलेली गोष्ट सुटली ती स्वित्झर्लंडमधल्या दावोसला गेल्यावर, पुन्हा रोज एक प्रकरण या वेगाने. आणि नेमक्या सोळाव्या प्रकरणापासून तोवर गोष्ट सांगणारा मुलगा जिम हॉकिन्स गप्प होतो, त्याच्याबरोबर खजिन्याच्या शोधात आलेले डॉक्टर लिव्हसी बोलू लागतात.

कथानकाची अडचण उघड आहे. जिम चाच्यांच्या होडीतून बेटावर उतरला आहे. जहाज सोडून लाकडी गढी गाठण्याची डॉक्टर आणि इतर साथीदारांची धावपळ त्याला दिसणं शक्यच नाही. पण नुसती अडचण निभावली असती, तर या तीन प्रकरणांची एवढी आठवण राहिली नसती. बेटावरून मरणाची किंकाळी येते तेव्हा लढाया पाहिलेले डॉक्टरही हादरतात: जिम गेला! वाचकाला मात्र जिम जिवंत असल्याचं ठाऊक असतं, कारण आदल्या पानांवर तोच तर सांगत होता. एका निवेदकाला ही गंमत साधणारच नाही.

एकोणिसाव्यापासून चौतिसाव्या प्रकरणापर्यंत पुन्हा जिमच. डॉक्टर पुढे गढी सोडून देतात, खजिन्याचा नकाशाही चाच्यांचा म्होरक्या सिल्व्हर याच्या हाती देतात. का, ते जिमला कळत नाही, म्हणून आपल्यालाही नाही. तेव्हा डॉक्टरांना चार पानं बोलू दिली असती, तर रिकाम्या खड्ड्यापाशी पोचलेल्या चाच्यांइतकेच आपण चकित झालो नसतो.