गोल्फ क्लबवरील फेरूल : निवड व बसवणी

गोल्फ क्लबचा, म्हणजे चेंडू मारण्याच्या काठीचा, शाफ्ट (दांडा) ज्या ठिकाणी डोक्याच्या पोकळ मानेत, म्हणजे होझेलमध्ये, शिरतो, तेथे होझेलच्या वरच्या कडेला टेकून बसवलेल्या निमुळत्या कड्याला फेरूल म्हणतात. शाफ्ट होझेलपेक्षा बारीक असल्याने या जागी एक पायरी पडते. ती झाकून दोन्ही व्यास नजरेला सलग दिसावेत हे फेरूलचे मुख्य काम आहे. डोके शाफ्टला धरून ठेवण्याचे काम फेरूल करत नाही, ते होझेलच्या आत असलेला इपॉक्सी हा गोंद करतो. ग्रॅफाइटच्या, म्हणजे कार्बन तंतूंच्या, शाफ्टच्या बाबतीत मात्र होझेलची धारदार कड आणि शाफ्टचे तंतू यांच्यामध्ये थोडा मऊपणा राहावा म्हणूनही त्याचा उपयोग होतो. तरीही होझेलच्या तोंडाची आतली कड तिरकी घासून घेतलेली नसेल, तर केवळ फेरूलच्या भरवशावर ग्रॅफाइटचा शाफ्ट सुरक्षित राहील असे मानू नये.

लाकडी शाफ्टच्या काळात लाकडी डोक्याचा सांधा मेण लावलेल्या दोऱ्याने घट्ट गुंडाळीत असत. पोलादी शाफ्टला अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1924 मध्ये आणि सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने 1929 मध्ये मान्यता दिली. आजचे फेरूल बहुधा सेल्युलोज अ‍ॅसिटेट जातीच्या प्लॅस्टिकचे असतात. हे प्लॅस्टिक सहज घासले जाते आणि अ‍ॅसिटोनने त्याचा पृष्ठभाग विरघळतो; बसवणीची बरीचशी पद्धत या दोन गुणांवर उभी आहे.

निवड करताना रंग, लांबी आणि शोभेच्या कड्या यांच्याआधी आतला व्यास पाहावा. शाफ्टच्या टोकाचे प्रचलित व्यास इंचांत सांगितले जातात : ड्रायव्हर व फेअरवे वुड या लांब फटक्यांच्या क्लबसाठी 0.335 (सुमारे 8.5 मिमी), तर आयर्न या धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबसाठी निमुळत्या टोकाचा 0.355 (सुमारे 9.0 मिमी) आणि समांतर टोकाचा 0.370 (सुमारे 9.4 मिमी). आयर्नच्या दोन मापांतील फरक 0.4 मिमीहूनही कमी असला, तरी 0.370 चे फेरूल 0.355 च्या शाफ्टवर सैल खेळते आणि उलट केल्यास ते तडकते किंवा वाटेतच अडकते. म्हणून जुन्या क्लबवरचे माप अंदाजाने न ठरवता शाफ्ट बाहेर काढल्यावर व्हर्नियर कॅलिपरने मोजणेच योग्य. बाहेरचा व्यास होझेलच्या तोंडाइतका किंवा किंचित जास्त असावा, कारण जास्तीचे प्लॅस्टिक घासून काढता येते. कमी पडलेले भरून काढण्याचा नीटसा उपाय नाही. काही होझेलांच्या तोंडाशी आत रुंद खाच असते, आणि तिच्यात उतरणारा गळा असलेलेच फेरूल तेथे लागते. कोन बदलता येणाऱ्या ड्रायव्हरमध्ये फेरूल डोक्याला न टेकता शाफ्टच्या टोकावरील अ‍ॅडॉप्टरला टेकते, त्यामुळे तेथे अ‍ॅडॉप्टरचेच माप धरावे लागते.

जुने फेरूल सहसा वाचत नाही. इपॉक्सी सैल करण्यासाठी होझेलला दिलेल्या उष्णतेने ते मऊ पडते, आणि शाफ्ट तसाच वापरायचा असेल तर ते धारदार पात्याने उभे चिरून काढतात. ग्रॅफाइटच्या शाफ्टवर हे पाते फार जपून चालवावे लागते आणि डोके न पिळता, शाफ्ट काढण्याच्या अवजाराने सरळ रेषेत ओढावे लागते.

बसवणीत सर्वांत महत्त्वाची पायरी गोंद लावण्याआधीची आहे. होझेलची आतली खोली मोजून तेवढ्या अंतरावर शाफ्टला खूण करतात. तिच्या खालच्या भागात पोलादी शाफ्टवरील क्रोमचा मुलामा सँडपेपरने खरवडतात. ग्रॅफाइटवर फक्त रंगाचा थर काढायचा असतो, तंतू उघडे पडता कामा नयेत. मग फेरूल टोकावर थोडे सरकवून, कोरडे डोके त्यावर घालून, शाफ्टचे ग्रिपकडचे (मुठीकडचे) टोक लाकडी फळीवर हलकेच आपटतात. प्रत्येक ठोक्यासरशी होझेलच फेरूलला वर ढकलते आणि शाफ्ट तळाला टेकला की ते नेमक्या जागी थांबते. फेरूल फारच घट्ट असेल तर थोडा वेळ गरम पाण्यात ठेवल्याने ते नरमते. त्यानंतर डोके काढून शाफ्टवर आणि होझेलच्या आत इपॉक्सी लावतात व डोके फिरवत फिरवत बसवतात, म्हणजे गोंद सगळीकडे पसरतो आणि अडकलेल्या हवेला वाट मिळते. ही हवा आत राहिली, तर इपॉक्सी वाळण्यापूर्वी ती फेरूलला वर उचलते. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या गोंदापेक्षा पूर्ण पकड यायला सुमारे 24 तास घेणारा इपॉक्सी या कामाला बरा.

गोंद पक्का झाल्यावर होझेलला चिकटपट्टी गुंडाळून फेरूलचा जास्तीचा भाग बारीक, शक्यतो वापरून झिजलेल्या, सँडपेपरच्या फिरत्या पट्ट्यावर क्लब सतत फिरवत घासतात. एका जागी क्षणभर जरी रेंगाळले तरी प्लॅस्टिक वितळून सपाट डाग पडतो. शेवटी अ‍ॅसिटोनने ओलसर केलेला कागदी रुमाल एका झटक्यात फेरूलभोवती फिरवला की ओरखडे जाऊन काळी झळाळी येते. पुनःपुन्हा पुसल्यास मात्र पृष्ठभाग खडबडीत होतो आणि रंगीत कड्या पसरतात.

वापरात फेरूल आणि होझेल यांच्यात फट दिसू लागल्यास आधी सरकले काय ते ठरवावे. फेरूलच्या वर काही मिलिमीटर अंतरावर शाफ्टला बारीक चिकटपट्टी लावून थोडे चेंडू मारून पाहावेत. फेरूल पट्टीच्या जवळ गेले असेल, तर तेच वर चढले आहे; ते खाली दाबून सुपरग्लूच्या एका थेंबाने अडवता येते. पट्टीपासूनचे अंतर तेवढेच राहून खालची फट वाढली असेल, तर डोकेच निसटत आहे, आणि ते पुन्हा बसवेपर्यंत तो क्लब वापरू नये.