उसण दिवाळीतच का भरते?

खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिम भागात भाताची सुगी आणि दिवाळी बहुधा एकदमच दारात येतात. दिवसभर विळा घेऊन शिवारात वाकलेली बाई संध्याकाळी घरी येते, जेवणे आटोपते आणि रात्री चकल्यांना बसते. कढई मोठी असल्याने शेगडी जमिनीवर घेतलेली असते, भाजणीची उकड घट्ट असते आणि सोऱ्या दाबताना खांदे आपोआप पुढे झुकतात. दीड-दोन तास कमरेचा बाक तसाच राहतो. शेवटचा घाणा निघाल्यावर ती उठते, चकल्यांचा भरलेला डबा उचलायला वाकते आणि त्याच क्षणी कमरेत अशी चमक निघते की पुढे सरळ होता येत नाही. आमच्याकडे याला ‘उसण भरली’ असे म्हणतात. माझ्या आईला लागोपाठ दोन वर्षे वसुबारसेच्या आसपास उसण भरली, आणि दोन्ही वेळा घरातल्या सर्वांनी दोष दिला तो डब्याला. डबा मात्र पाच किलोंचाही नव्हता.

खरे कारण डबा उचलण्याआधीच्या दोन तासांत शोधावे लागते. आपल्या मणक्यांमध्ये लवचिक चकत्या असतात, ज्यांना आपण बोलताना ‘गादी’ म्हणतो, आणि मणक्यांना मागून बांधून ठेवणारे चिवट अस्थिबंध असतात. पाठ बराच वेळ वाकलेली राहिली की हे अस्थिबंध हळूहळू ताणले जाऊन सैल पडतात. कॅनडातील संशोधक स्टुअर्ट मॅकगिल यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी माणसांना वीस मिनिटे पूर्ण वाकून बसवले होते. उभे राहिल्यानंतर दोन मिनिटांत पाठीचा मूळचा ताठपणा साधारण निम्माच परत आला, आणि अर्धा तास उलटला तरी थोडा सैलपणा शिल्लक होता. म्हणजे पाटावरून उठल्याबरोबर ओझ्याला हात घालणारी पाठ आधीच बेसावध झालेली असते, आणि मग पाच किलोंचा डबाही तिला पुरतो.

त्या चकतीवर नेमका किती भार येतो, हे पाहण्यासाठी जर्मनीत हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेतील चकतीत दाब मोजणारा बारीक संवेदक बसवला होता. त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. पडून राहिल्यावर दाब ०.१ मेगापास्कल होता, उभे राहिल्यावर ०.५, आणि पाठ गोल करून वीस किलोंचे ओझे उचलताना तो २.३ पर्यंत गेला. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब ०.२ मेगापास्कलच्या आसपास असतो हे लक्षात घेतले, तर या आकड्याचा अर्थ चटकन कळतो. तेच ओझे गुडघे वाकवून उचलल्यावर दाब १.७ भरला. हे मोजमाप एकाच माणसाचे असल्याने आकडा प्रत्येकाच्या बाबतीत तंतोतंत तोच येईल असे नाही, पण ओझे अंगाजवळ धरावे आणि गुडघ्यांतून बसून उठावे, हे त्यातून स्पष्ट होते.

याच मोजणीतली दुसरी एक गोष्ट मला नरक चतुर्दशीच्या पहाटेसाठी फार महत्त्वाची वाटते. सात तासांच्या झोपेत चकतीतील दाब ०.१ वरून ०.२४ पर्यंत वाढला, कारण रात्री भार नसताना चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते ती यामुळेच. फुगलेल्या चकतीला वाकणे सोसत नाही. अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या काही रुग्णांना उठल्यावर सुरुवातीचे काही तास वाकणे टाळायला शिकवले गेले, आणि त्यांचे दुखण्याचे दिवस कमी झाल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. आता आपल्या घरातली अभ्यंगस्नानाची पहाट आठवून पाहावी. चार वाजता उठलेली बाई अंथरुणातून थेट बंबाकडे जाते आणि घरातल्या प्रत्येकासाठी कढत पाण्याची भरलेली बादली न्हाणीपर्यंत वाहते. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलोंचे ओझे, तेही एका हाताने, ओल्या फरशीवरून आणि दिवसातल्या सर्वांत नाजूक वेळी. बादली न्हाणीतच ठेवून तिच्यात कळशीने थोडे थोडे पाणी ओतले, किंवा हे काम घरातल्या तरुणाने उठून थोडे फिरल्यावर केले, तर सणाचे काहीच बिघडत नाही.

चकल्यांच्या बाबतीतही उपाय साधा आहे. दर वीस मिनिटांनी शेगडी बारीक करून उठावे, कमरेवर हात ठेवून हलकेच मागे वाकावे आणि अंगणापर्यंत एक फेरी मारावी. घाणे संपल्यावर आवराआवर लगेच सुरू न करता काही मिनिटे चालावे. पुण्याहून गावी येणाऱ्यांनाही हेच लागू पडते. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास बसमध्ये बसून आल्यावर उतरल्या उतरल्या डिकीतली जड बॅग ओढू नये, आधी जरा पाय मोकळे करावेत.

आणि एवढे करूनही उसण भरलीच, तर अंथरूण धरून पडून राहू नये. हेलसिंकीत झालेल्या १९९५ सालच्या अभ्यासात दोन दिवस पडून राहिलेल्यांपेक्षा जमेल तितकी रोजची कामे करत राहिलेले रुग्ण लवकर बरे झाले. शेक घ्यावा, थोडे थोडे चालावे. रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, आणि रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटात व्रण असणाऱ्यांनी तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

आपल्या भागात अजूनही पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेऊन उसण उतरवतात. साधी उसण बहुतेकदा काही दिवसांत आपोआप ओसरते आणि श्रेय पायाळूला मिळते. पण साठी उलटलेल्या बाईची हाडे ठिसूळ झालेली असतील, तर किरकोळ ओझ्यानेही मणका दबून मोडू शकतो आणि ते दुखणे उसणेसारखेच भासते. अशा पाठीवर लाथ तर नकोच, हलके मालीशही नको, आधी एक्स-रे काढावा. मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवीवरचा ताबा गेला किंवा पायातली शक्ती कमी झाली, तर भाऊबीज उरकण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.